विमलाकाकूंचा जबाब

‘अगंबाई, हा तर आमचा पवार!’

विमलाकाकू भर सभेत असं म्हणाल्या तेव्हा माइक माझ्या हातात होता आणि चालूही होता. त्यामुळे मी जे ‘हो काकू’ म्हणालो ते कॉलनीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. माझं आडनाव पवार नाही, पगारे आहे. विद्यापीठाच्या मालमत्ता विभागात एकतीस वर्षं मी याच नावाने सह्या करतोय. समोरच्या टेबलावर माझ्या नावाची कागदी पाटीसुद्धा होती, पण पंख्याच्या वाऱ्याने ती केव्हाच पालथी पडली होती आणि ती पुन्हा उभी करायचा मला कंटाळा आला होता. शेजारी आमच्या विभागातली तरुण इंजिनिअर स्नेहल बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी माइक खाली ठेवला आणि पाणी प्यायलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, निवृत्तीला अकरा महिने राहिलेले, साखरेची गोळी दोन वेळा, जिना चढताना गुडघा बोलतो. आणि एका म्हातारीने चुकीच्या नावाने हाक मारली तर ‘काकू, मी पगारे’ एवढे तीन शब्द तोंडातून निघू नयेत. चुकीच्या नावाने तरी कसं म्हणू? ते नाव त्यांना मीच सांगितलं होतं, अडतीस वर्षांपूर्वी, त्यांच्याच ओट्यावर उभं राहून.

सभा होती विद्यापीठाच्या नव्या इमारतीसाठी. गंगापूर रोडपासून दोन गल्ल्या आत, जिथे विद्यापीठाचं जुनं गोदाम होतं, तिथे आठ मजले उभे राहणार आहेत. तळमजल्यावर दुकानं, मेस, दवाखाना आणि कॉलनीतल्या लोकांनाही येऊन बसता येईल अशी अभ्यासिका. वरच्या सात मजल्यांवर चारशे मुलामुलींचं वसतिगृह. कागदोपत्री याला ‘मिश्र वापर’ म्हणतात. आर्किटेक्टने दिलेल्या रंगीत चित्रात झाडाखाली बाक आहेत, बाकांवर हसणारी माणसं आहेत, आणि ती माणसं एकमेकांना गाव आणि आडनाव विचारत बसलेली नाहीत. माझं या इमारतीतलं काम कागद पुढे सरकवण्याचं. विटा दुसरेच रचणार, फीत तिसराच कापणार. पण एक गोष्ट तिच्यात माझी आहे. खोलीवाटपाच्या नियमांत मी एक ओळ घातली. अर्ज संगणकात गेला की त्याला क्रमांक मिळेल, खोली क्रमांकाला मिळेल, भिंतीवर लागणाऱ्या यादीत क्रमांकच असेल. कोणाच्या शेजारी कोण राहील हे कोणी माणूस ठरवणार नाही. वरच्या मंडळींना ती ओळ तांत्रिक वाटली, त्यांनी चहा पीत पीत मान हलवली. इतक्या वर्षांत हजारो टिपण्या लिहिल्या असतील मी. मनापासून लिहिलेली तेवढी एकच.

आणि कॉलनीची हरकत नेमकी त्याच ओळीवर होती. कॉलनीचे अध्यक्ष खंडेराव नाना पांढऱ्या सफारीत पुढच्या रांगेत बसले होते. ते उठून म्हणाले, ‘इमारत बांधा, आमचं काही म्हणणं नाही. दुकानं आली तर बरंच हे. पण मुलं कोणती ठेवायची ते आमच्या कमिटीला विचारून ठरवा. आम्ही इथं वर्षानुवर्षं मुलं ठेवत आलोय, बघून ठेवत आलोय.’ स्नेहलने विचारलं, ‘बघून म्हणजे काय बघून?’ नाना म्हणाले, ‘म्हणजे घरदार बघून, ताई.’ हॉलमध्ये दोन-तीन माना हलल्या. मी उत्तराला माइक उचलला होता. उत्तर तयार होतं, शासकीय भाषेत होतं, कुणाला न दुखवणारं आणि कुणाला न कळणारं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून काठी टेकत विमलाकाकू उभ्या राहिल्या, डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ‘आमचा पवार’ म्हणाल्या, ‘माझ्याकडेच राहायचा कॉलेजला असताना.’ त्यानंतर सभेचा नूरच पालटला. कुणीतरी माझ्यासमोर थंड पाण्याची बाटली ठेवली. नाना हसत म्हणाले, ‘साहेब आपल्यातलेच निघाले की! मग बोलणंच खुंटलं.’ पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांची हरकत घरी जाऊन लिहून घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. नानांनी लगेच ठरवून टाकलं की पहिला जबाब विमलाकाकूंचा, शुक्रवारी सकाळी, आणि तो साहेबांनी स्वतः घ्यायचा. ‘तुमच्याच अनुभवाची गोष्ट हे,’ असंही म्हणाले. मला लाज वाटली. नानांची नाही, माझी. आपल्यातला म्हणवून घेताना क्षणभर मला बरं वाटलं होतं, म्हणून.

परतताना गाडीत स्नेहलने विचारलंच. ‘सर, त्या आजी तुम्हाला पवार का म्हणाल्या?’ तिचं बोलणं सरळ असतं, पोटात काही नसतं. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, ‘वय झालंय त्यांचं. गोंधळ होत असेल.’ ‘हो, माझ्या आजीचंही तसंच,’ ती म्हणाली आणि मोबाइल बघायला लागली. म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीचं खोटं जुनं झालं होतं म्हणून मी त्याच्या सोबतीला एक नवं ठेवलं, आणि तेही एका म्हातारीच्या डोक्यावर. सिग्नलला गाडी थांबली. फुटपाथवर विजेच्या खांबाला चिकटवलेला कागद होता: ‘मुलांसाठी रूम, कॉट बेसिस, फक्त व्हेज’, आणि खाली फाडून नेता येतील अशा फोन नंबरच्या चिठ्ठ्या. दोन-तीन कुणीतरी नेल्या होत्या. माझा मुलगा जीवन पुण्यात नोकरी करतो. त्याला मी एकदा विचारलं होतं, खोली बघताना कुणी काही विचारलं का रे? तो म्हणाला, ‘आता तसं विचारत नाहीत, पप्पा. नॉनव्हेज खाता का विचारतात. मग आधार कार्ड मागतात. मग दोन दिवसांनी सांगतो म्हणतात.’ हे सांगताना तो हसला. मी हसलो नाही, पण रागावलोही नाही. राग यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

आमच्या वेळी थेट विचारायचे. मी घोटीहून बारावी होऊन कॉलेजला आलो तेव्हा समाजकल्याणच्या वसतिगृहाची यादी लागायचा पत्ता नव्हता. नाशिकरोडला मावशीच्या एका खोलीत सात माणसं झोपायची, आठवा मी. तिथून कॉलेजला यायला दोन बस. म्हणून खोली शोधायला लागलो. सात घरं फिरलो. सातही ठिकाणी माणसं चांगली वागली, हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट वागली असती तर गोष्ट सोपी होती. एका बाईंनी पाणी दिलं. एका गृहस्थांनी पंखा लावला. मग ‘नाव काय बाळ?’ ‘प्रफुल्ल.’ ‘पूर्ण नाव?’ पूर्ण नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काही फार घडायचं नाही. नजर फक्त माझ्या तोंडावरून निघून माझ्या चपलांपर्यंत जाऊन यायची. ‘अरे, कालच दिली रे खोली.’ सातही खोल्या कालच दिल्या होत्या. त्या काल नावाच्या दिवशी गंगापूर रोडला काय गर्दी झाली असेल, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं आणि रस्त्यात एकटाच हसलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो. तेव्हा अजून हसू यायचं.

आठवं घर विमलाकाकूंचं. बैठा बंगला, मागे परसात पत्र्याच्या दोन खोल्या, एकेका खोलीत तीन खाटा, आणि जेवण काकूंच्या हातचं. काका टपाल खात्यात होते, अबोल, संध्याकाळी झाडांना पाणी घालायचे. काकूंनी ओट्यावर उभ्या उभ्या विचारलं, ‘नाव?’ मी म्हणालो, ‘प्रफुल्ल पवार.’ ठरवून गेलो नव्हतो. घोटीत ज्या भाताच्या गिरणीत माझे वडील हमाली करायचे ती गिरणी पवार शेठची होती, आणि लहानपणापासून आमच्या घरात चांगलं जे काही यायचं, म्हणजे कण्यांचं पोतं, जुना स्वेटर, शेठच्या मुलांची वापरलेली वह्यापुस्तकं, ते पवारांकडून यायचं. तसं आडनावही मी तिथूनच उचललं. ‘घोटीचे पवार? ते गिरणीवाले?’ काकूंनी विचारलं. त्यांचे कुणी पाहुणे तिकडे होते. मी मान हलवली. अर्ध्या तासात माझी ट्रंक खोलीत होती. ट्रंकेवर वडिलांनी पेंटरकडून माझं नाव घालून घेतलं होतं, पांढऱ्या रंगात, ठळक. त्यावर मी सप्तशृंगीचं कॅलेंडरचं चित्र खळीने चिकटवलं. काकू खोली झाडायला यायच्या तेव्हा त्या चित्राला हात जोडायच्या.

तीन वर्षं राहिलो मी तिथे, आणि सुखाने राहिलो असं म्हटलं तर तेही खोटं नाही. खोटं बोलून राहणं म्हणजे सतत भीती, असं लोकांना वाटतं. पहिले दोन महिने होती. झोपेत काही बडबडलो तर, घरचं पत्र खोलीच्या पत्त्यावर आलं तर, कॉलेजचं कुणी मला पगारे म्हणून हाक मारत दारात आलं तर. मग सवय झाली. सवयीइतकी वाईट गोष्ट नाही. पवार कसा बसेल, पवार किती पोळ्या मागेल, पवार सणाला घरी का गेला नाही, हे सगळं आपोआप यायला लागलं. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. काकूंनी मला पत्र्याच्या खोलीतून उचलून घरात आणलं, बैठकीच्या खोलीत कॉट टाकून दिली. बावीस दिवस त्यांनी माझं पथ्य सांभाळलं. घोटीचा तांदूळ गुरगुट्या शिजवून, मीठ न घालता, चमच्याने भरवायच्या आणि दुसरा हात माझ्या कपाळावर ठेवायच्या. आईने मला कधी असं भरवलेलं आठवत नाही, तिला वेळच नसायचा. त्या बावीस दिवसांत कितीतरी वेळा वाटलं की सांगून टाकावं. पण कपाळावरचा हात काढून घेतला जाईल, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. मी डोळे मिटून घास गिळायचो. आजही कुणी मला काकूंबद्दल वाईट बोलायला सांगितलं तर माझी जीभ उचलणार नाही. आणि चांगलं बोलायला सांगितलं तरीही.

तो तांदूळ माझे वडील आणायचे. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर नवा भात निघाला तेव्हा ते न कळवता आले. रविवार होता, मी ओट्यावर अभ्यास करत बसलो होतो, काकू शेजारी बसून मेथी निवडत होत्या. फाटकाशी वडील उभे. धोतर, टोपी, खांद्यावर वीसेक किलोचं पोतं, आणि चेहऱ्यावर मुलाचं ठिकाण सापडल्याचा आनंद. काकूंनी विचारलं, ‘कोण रे?’ आणि मी म्हणालो, ‘आमच्या गिरणीतला माणूस आहे.’

वडिलांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होतो म्हणून मला माहीत आहे की त्यांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद गेला नाही, तसाच राहिला, फक्त त्याच्या आतला माणूस निघून गेला. एका क्षणात त्यांना सगळं समजलं. खोली कशी मिळाली, मी कोण झालोय, आणि आता त्यांनी कोण व्हायचं. खाली वाकून त्यांनी पोतं उतरवलं आणि म्हणाले, ‘शेटनी तांदूळ धाडलाय, बाई. लय चांगला हाय. पोराकडं ध्यान ऱ्हाऊ द्या.’ काकूंनी त्यांना ओट्याच्या खालच्या पायरीवर बसवलं आणि चहा दिला, कान तुटलेल्या कपात. चहा पिऊन वडिलांनी नळावर कप धुतला आणि पायरीच्या कडेला पालथा घातला. मी पुस्तकात बघत होतो. त्या पानावर काय होतं ते मला आजही सांगता येईल. नंतर त्यांना सीबीएसच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. वाटभर ते माझ्यापेक्षा दोन पावलं मागे चालले, गिरणीतल्या माणसाने चालावं तसे. मी थांबलो की तेही थांबायचे. बस सुटताना खिडकीतून म्हणाले, ‘खोली चांगली हाय. हवा येती.’ एवढंच. पुढची दोन वर्षं ते तांदूळ घेऊन येत राहिले. पोतं फाटकाशी ठेवायचे, काकूंना रामराम घालायचे आणि पाणीही न पिता निघून जायचे. मी घरी असलो तरी. त्यांना जाऊन आता सोळा वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि माझं आयुष्य त्यांनी न बोललेल्या त्या शब्दाची वाट बघण्यात गेलं. शिकून तिथून निघालो तो मी त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. एकाच शहरात इतकी वर्षं नोकरी केली, पण गंगापूर रोडला काम निघालं की दुसऱ्याला पाठवायचो. यावेळी पाठवायला कोणी उरलं नाही, सगळे निवृत्त झाले.

गुरुवारी संध्याकाळी संजनाने, माझ्या बायकोने, विचारलं, ‘उद्या कुठली साइट?’ मी कॉलनीचं नाव सांगितलं. ‘तुम्ही तिथेच राहायचात ना कॉलेजला असताना?’ मी हो म्हणालो. ‘मग घरमालकीण असेल तर भेटून या की. किती वर्षांनी!’ तिने शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरून दिले. तिला मी एवढंच सांगितलेलं की तिथे एक काकू होत्या, कावीळ झाली तेव्हा त्यांनी केलं. पायरी, कप, पोतं यातलं काही नाही. संसारात माणूस अर्धं सांगतो आणि तेच पूर्ण आहे असं त्याला स्वतःलाही वाटायला लागतं. लाडवांचा डबा मी मुद्दाम घरी विसरलो.

शुक्रवारी आम्ही साडेदहाला पोचलो. बंगला तसाच, फक्त चारी बाजूंनी अपार्टमेंट उभी राहिल्याने भोवऱ्यात सापडल्यासारखा. परसातल्या खोल्यांत आता तीनच मुलं राहतात, जेवण बाहेरून डब्याने येतं. काका गेले, मुलगा बंगळूरला. ओट्यावर चपला काढून मी आत गेलो तेव्हा काकू कॉटवर बसल्या होत्या, आणि मी वाकून नमस्कार केला हे मला केल्यानंतर कळलं. ‘बस की. केवढा साहेब झालास रे!’ त्या म्हणाल्या. ‘वरणात गूळ चालायचा नाही तुला. अजून तसंच का?’ मग त्यांनी स्नेहलला सगळं सांगितलं. मी कुठल्या खाटेवर झोपायचो, परीक्षेच्या दिवशी दही न खाता कसा पळायचो, काविळीत डोळे कसे हळदीसारखे झाले होते. तारखांसकट सांगितलं. स्नेहल हसून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचं हसू कमी होत गेलं. गोंधळ होणारी म्हातारी ही नव्हे, हे तिच्या लक्षात येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मग जबाब सुरू झाला. आमची पद्धत अशी, की माणूस सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, सगळं लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि मगच सह्या. स्नेहलने पॅड मांडीवर घेतलं. काकू सावकाश बोलत होत्या, पत्र सांगावं तसं. ‘लिही. इमारतीला माझी ना नाही. माझ्या खोल्या रिकाम्या पडतील, पडू देत, माझ्याच्याने आता होत नाही. पण मुलं ठेवायची तर बघून ठेवावीत. माझ्या घरात पाऊणशे मुलं राहून गेली. नाव, गाव, घराणं विचारल्याशिवाय मी एकाला ठेवलं नाही. म्हणून एकही वाईट निघाला नाही. उदाहरण लिही.’ ‘आजी, उदाहरण लागत नाही,’ स्नेहल म्हणाली. ‘लिही गं. नाना म्हणाले, उदाहरणाने वजन येतं. लिही, प्रफुल्ल पवार, घोटीच्या गिरणीवाल्यांचा. चांगल्या घरातला म्हणून खोली दिली, आणि आज विद्यापीठात साहेब आहे. समोर बसलाय, त्याला विचारा.’

‘सर, असंच लिहू?’ स्नेहलने पॅडवरून डोळे न उचलता विचारलं. ‘त्या सांगतात तसं लिही,’ मी म्हणालो. नियम तोच होता, आणि मला आणखी दोन मिनिटं हवी होती. तिने लिहिलं. पेन कागदावर फिरत होतं आणि मला दिसत होतं पुढे काय होणार ते. हा कागद नाना हरकती ऐकणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे नाचवतील. बघा, तुमचाच अधिकारी. बघून ठेवला म्हणून असा निघाला. समितीला फारसं पटवावं लागणार नाही. मुलं निवडायला कॉलनीची कमिटी नेमली जाईल, आणि उद्या कुठल्या पेठच्या, सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरच्या पोराला सांगतील की खोली कालच दिली. माझ्या त्या एका ओळीचा गळा माझ्याच नावाने घोटला जाईल, आणि नावही माझं नव्हे. स्नेहलने वाचायला सुरुवात केली. आवाज कोरडा ठेवायचा ती प्रयत्न करत होती. ‘…चांगल्या घरातला म्हणून खोली दिली…’

‘काकू, मी पवार नाही.’

एवढं सोपं होतं. आवाजही नेहमीचाच निघाला. ‘म्हणजे?’ काकूंनी विचारलं. ‘माझं आडनाव पगारे. आम्ही बौद्ध. गिरणी पवारांची होती, माझे वडील तिथे हमाल होते.’ काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेतल्याची शिट्टी वाजत होती.

‘मग तांदूळ घेऊन यायचा तो?’

‘माझे वडील. मल्हारी नाव त्यांचं.’

‘पायरीवर बसवलं होतं मी त्यांना.’ मग म्हणाल्या, ‘वडील आहेत म्हणून सांगायचंस. आत बसवलं असतं.’

‘पवारांना बसवलं असतं, काकू.’

त्यांनी वाद घातला नाही. मांडीवरचे स्वतःचे दोन्ही हात त्या बघत राहिल्या. ‘नसतं बसवलं,’ मग त्या म्हणाल्या. ‘आणि तुला खोली दिली नसती. काविळीचं तर लांबच. या वयात खोटं कशाला बोलू?’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं, वडिलांसाठी होतं की फसवल्या गेलेल्या स्वतःसाठी, ते मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही नाही. ‘किती केलं रे मी तुझं,’ त्या हळूच म्हणाल्या. मी म्हणालो, ‘हो, काकू. खूप केलंत.’ ते खरं होतं. मला वाटत होतं, आता त्या विचारतील, का केलंस असं? मी कितीतरी वर्षं त्याचं उत्तर घोकत होतो. त्यांनी विचारलं नाही. स्नेहलकडे वळून म्हणाल्या, ‘खोड ते.’

 इतक्या वर्षांनी, या वयाला, काहीतरी सुटेल असं वाटलं. ‘काय खोडू, आजी?’ स्नेहलने विचारलं. ‘सगळा जबाब?’

‘नाही. याचं उदाहरण तेवढं खोड. बाकीचं तसंच राहू दे.’

स्नेहलने त्या तीन ओळींवरून पट्टी धरून रेघ मारली. खोडलेल्या जागी दोघांची सही लागते. काकूंनी सही केली, शेजारी मी केली, आद्याक्षरं नव्हे, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. जबाबाच्या तळाला अधिकाऱ्याच्या अभिप्रायाची जागा असते. ती आम्ही ऑफिसात गेल्यावर भरतो, सवडीने, गुळमुळीत. मी पॅड मागून घेतलं आणि तिथेच लिहिलं: ‘हरकत मान्य करू नये. हरकतदारांच्या घरी मी तीन वर्षं राहिलो आहे. खरं नाव सांगितलं असतं तर राहू शकलो नसतो.’ वाचून दाखवायचा नियम आहे म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं, आणि खाली, माझ्यासमक्ष, प्रफुल्ल मल्हारी पगारे, तेही वाचलं. वर समिती काय करायचं ते करील. आनंद झाला नाही. खांद्यावरचं ओझं उतरलं असंही काही नाही. फक्त फार थकलो होतो, आणि त्या थकव्यात पहिल्यांदाच दुसरं काही मिसळलेलं नव्हतं.

स्नेहल फाइल घेऊन पुढे गेली. मी ओट्यावर चपला घालत होतो. आतून काकूंचा आवाज आला, जेवायला हाक मारावी तसा, स्पष्ट.

‘पगारे, जाताना दार ओढून घे.’

मी ओढून घेतलं.